गिऱ्हाइकानं दारातच ओळखावं: छोट्या उद्योजकांसाठी ब्रँडिंग फोटोशूटची पहिल्यापासून तयारी

विमा सल्लागार, योगशिक्षिका, इंटिरियर डिझायनर आणि लोणच्यांचा व्यवसाय करणाऱ्या ताई, या चौघांचे प्रोफाइल फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहा. मागे राखाडी पडदा, अंगात कोट, हाताची घडी, मान किंचित तिरकी. चौघांच्या पाट्या अदलाबदल केल्या तरी फोटो तसेच चालतील. पैसे चौघांनीही मोजले आहेत, आणि गिऱ्हाइकाला एकाबद्दलही काही कळलेलं नाही.

पर्सनल ब्रँडिंग फोटोकडून दोनच कामांची अपेक्षा ठेवा. ज्यानं तुम्हाला कधी पाहिलं नाही त्याला तुम्ही काय करता ते कळावं, आणि तो दारात आला की त्यानं तुम्हाला ओळखावं. खालचा प्रत्येक टप्पा या दोन कामांसाठी आहे. उदाहरण म्हणून बहुतेक ठिकाणी कोल्हापुरी कांदा-लसूण मसाल्याचा घरगुती व्यवसाय धरला आहे, कारण फोटोतल्या बहुतेक अडचणी त्यात एकत्र भेटतात: भडक लाल रंग, उडणारी पूड, ट्यूबलाइटची खोली आणि कॅमेरा दिसला की अवघडणारी माणसं.

१. फोटो कुठे लागणार, ते आधी कागदावर लिहा

बहुतेक जण आधी शूट करतात आणि मग फोटो कुठे लावायचे ते बघतात. त्यामुळे सगळे फोटो उभे येतात आणि वेबसाइटला आडवा हवा असतो, किंवा चेहरा इतका जवळून घेतलेला असतो की गोल चौकटीत कपाळ कापलं जातं. गेल्या महिन्यात नवीन गिऱ्हाइकानं तुम्हाला पहिल्यांदा कुठे पाहिलं, हे आठवून यादी करा. घरगुती व्यवसायाला बहुधा व्हॉट्सअ‍ॅप आणि गूगल मॅप आधी येतात, सल्लागाराला लिंक्डइन, आणि प्रदर्शनात स्टॉल लावणाऱ्याला फ्लेक्स.

नेहमी लागणारी मापं:

- व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचा प्रोफाइल फोटो: चौकोनी, ६४० × ६४० पिक्सेल. दिसतो गोल, म्हणून चारही कोपरे रिकामे धरा.
- लिंक्डइन: प्रोफाइल फोटो किमान ४०० × ४००, वरची पट्टी १५८४ × ३९६. पट्टीचा डावीकडचा खालचा भाग प्रोफाइल फोटोखाली झाकला जातो, म्हणून पट्टीत महत्त्वाचं जे काही असेल ते उजवीकडे ठेवा.
- इन्स्टाग्राम: उभी पोस्ट १०८० × १३५०, रीलचं मुखपृष्ठ १०८० × १९२०. प्रोफाइलवरची फोटोंची जाळी (ग्रिड) २०२५ पासून चौकोनी राहिलेली नाही, ३:४ अशी उभी झाली आहे. जुन्या सल्ल्यानुसार चौकोन धरून फोटो काढलात तर जाळीत दोन्ही बाजू कापल्या जातील.
- गूगल बिझनेस प्रोफाइल: ७२० × ७२० चांगला, २५० × २५० पेक्षा लहान चालत नाही. फाइल जेपीजी किंवा पीएनजी, १० केबी ते ५ एमबी.
- व्हिजिटिंग कार्ड: ३.५ × २ इंच, ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) १०५० × ६०० पिक्सेल. कापणीसाठी चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जास्त सोडा.
- स्टॉलचा ६ फुटी फ्लेक्स: लांबून बघतात म्हणून ७२ डीपीआय पुरतो, पण तेवढ्यालाही रुंदीत ५१८४ पिक्सेल लागतात. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची मूळ फाइल साधारण ६००० पिक्सेल रुंद असते, ती चालते. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा फोटो म्हणून आलेली फाइल साधारण १६०० पिक्सेलवर येते. ती फ्लेक्सवर छापली की चेहऱ्यावर चौकटी उमटतात.

२. फक्त तुमच्याच कामात असलेली गोष्ट शोधा

उठून दिसायचं म्हणजे भडक कपडे घालायचे असं नाही. एक दिवस नेहमीसारखं काम करा आणि तीन गोष्टी टिपत जा: हातात सतत काय असतं, कोणती कृती गिऱ्हाईक थांबून बघतं, आणि कोणता प्रश्न सगळे विचारतात.

मसाल्याच्या व्यवसायात उत्तरं पटकन मिळतात. हातात सूप आणि मिरच्या. मिरच्यांची देठं खुडताना गिऱ्हाईक बघत राहतं. मसाला चिमटीत घेऊन अंगठ्यानं चोळून बघायचा, दाणा जाड आहे की बारीक, ही कृती तर फारशा दुसऱ्या धंद्यांत दिसत नाही. आणि प्रश्न ठरलेला: "मिरची कुठली वापरता?" म्हणजे ब्याडगी आणि संकेश्वरी वेगवेगळ्या टोपल्यांत शेजारी ठेवून, त्यांच्यामागे तुम्ही, हा एक फोटो ठरला. गिऱ्हाइकानं विचारायच्या आत त्याला उत्तर मिळतं.

शिंप्याच्या गळ्यातली टेप आणि कापडावरची खडूची रेघ, आर्किटेक्टचा साइटवरचा पिवळा हेल्मेट आणि हातातला उलगडलेला नकाशा, चर्मकाराच्या हातातली रापी आणि अर्धी विणलेली कोल्हापुरी चपलेची वेणी, ही सगळी अशीच सापडतात. समुपदेशक, विमा सल्लागार, शिकवणी घेणारे यांच्या हातात दाखवण्यासारखं काही नसतं. तिथे समोरच्याचं ऐकतानाची तुमची बैठक दाखवा: दोन खुर्च्या काटकोनात, समोरच्या माणसाची पाठ आणि खांदा चौकटीत, आणि तुमचं लक्ष त्याच्याकडे.

इथे लोक हमखास अडकतात ते उसन्या वस्तूंत. लॅपटॉप, कॉफीचा मग आणि कुंडी हे त्रिकूट इतक्या फोटोंत आलं आहे की त्यातून काहीच कळत नाही. जी वस्तू तुम्ही रोज वापरत नाही ती हातात धरायचीच नाही. सराव नसलेला हात फोटोत लगेच कळतो.

काही व्यवसायांना इथेच नियम आडवे येतात, तेही आधी बघून घ्या.

खाद्यपदार्थ: अन्नसुरक्षा परवान्याच्या २०११ च्या नियमावलीतल्या परिशिष्ट ४ नुसार अन्न हाताळताना डोकं झाकलेलं असावं, नखं कापलेली असावीत, दागिने नसावेत. मोकळे केस आणि हिरवा चुडा घालून कणकेत हात घातलेला फोटो सुंदर दिसतो, पण परवाना घेतलेल्या व्यवसायाला तो अडचणीचा आहे. कामाचे फोटो टोपी घालून, बांगड्या काढून काढा. नथ, गजरा, पैठणी हे चेहऱ्याच्या फोटोत हौसेनं येऊ द्या.

वकील: बार कौन्सिलच्या नियम ३६ नुसार प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष जाहिरातीला मनाई आहे. चालवत असलेल्या खटल्याच्या संदर्भात स्वतःचा फोटो छापून आणणंही त्यातच येतं. डॉक्टरांना २००२ च्या आचारसंहितेत जाहिरातीवर बंधनं आहेत, आणि रुग्णाचा ओळखू येणारा फोटो त्याच्या संमतीशिवाय वापरता येत नाही. सीएंनी आपल्या संस्थेची जाहिरातीची ताजी मार्गदर्शक सूत्रं वाचूनच पुढे जावं.

३. फोटोंची यादी: १२ ते १५ पुरतात

फोटोग्राफरला "छान छान काढा" असं सांगितलं तर तो छान छानच काढतो आणि तुम्हाला हवा तो फोटो राहून जातो. यादी लेखी द्या. मसाल्याच्या व्यवसायासाठी ती अशी होईल:

- चेहरा, ३: एक कॅमेऱ्याकडे बघून, एक बाजूला बघून, एक मोकळं हसताना.
- काम करताना, ४: देठं खुडणं, कढईत खोबरं भाजणं, डंकावर कांडणं, पाकिटं भरणं.
- फक्त हात, २: चिमटीतला मसाला आणि सुपातल्या मिरच्या.
- जागा, २: एक आतून, एक बाहेरून. बाहेरचा फोटो गिऱ्हाईक ज्या रस्त्यानं येतं त्याच बाजूनं काढा, म्हणजे मॅप बघत येणाऱ्याला दार सापडेल.
- माणसांसोबत, २: मदतीला येणाऱ्या बायका आणि एखादं नेहमीचं गिऱ्हाईक. फोटो कुठे कुठे वापरणार हे सांगून त्यांची संमती आधी मेसेजवर लेखी घ्या.
- रिकाम्या जागेचा आडवा फोटो, १ किंवा २: तुम्ही चौकटीच्या एका बाजूला, उरलेली भिंत मोकळी. फ्लेक्सवरचा आणि वेबसाइटवरचा मजकूर या मोकळ्या जागेत बसतो. हा फोटो नसला की डिझायनर चेहऱ्यावर अक्षरं चढवतो.

प्रत्येक ओळीपुढे आडवा की उभा आणि कुठे वापरणार, हेही लिहा.

४. फोटोग्राफरशी बोलणं लेखी

फोटोग्राफर निवडताना त्याच्या पेजवरचे निवडक फोटो बघून भागत नाही. कुठल्याही एका कामाचा पूर्ण संच दाखवायला सांगा, ३० ते ४० फोटो. वीस कामांतला एकेक उत्तम फोटो कोणाकडेही असतो. एकाच दिवशी, एकाच माणसाचे, वेगवेगळ्या उजेडातले फोटो सारखे चांगले आलेत का, ते त्या संचात दिसतं. लग्नाचे फोटो काढणाऱ्याला नको म्हणायचं कारण नाही, त्याला घाईत काम करायची सवय असते. मात्र त्याच्याकडे फ्लॅशशिवाय, खिडकीच्या उजेडात काढलेले चेहरे आहेत का ते विचारा.

व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, या गोष्टी लिहून घ्या: किती तास, किती जागा, एडिट केलेले किती फोटो, किती दिवसांत, फाइलचं माप काय, दुरुस्तीच्या किती फेऱ्या, प्रवासखर्च वेगळा का, आणि पाऊस आला किंवा वीज गेली तर पुढची तारीख कशी. फोटोग्राफर जीएसटी नोंदणीकृत असेल तर दरावर १८ टक्के लागतील, म्हणून सांगितलेली रक्कम करासह की कराशिवाय हे विचारायचं.

हक्कांचा मुद्दा बहुतेकांना माहीतच नसतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, कोणी मोबदला देऊन आपल्या सांगण्यावरून फोटो काढून घेतला, तर उलट करार नसल्यास त्या फोटोच्या कॉपीराइटचा पहिला मालक तो मोबदला देणारा असतो. म्हणजे कायद्याची सुरुवात तुमच्या बाजूनं आहे. पण "उलट करार नसल्यास" हे शब्द महत्त्वाचे. कोटेशनच्या शेवटी बारीक अक्षरात 'सर्व हक्क स्टुडिओकडे' अशी ओळ असेल आणि तुम्ही 'ओके' पाठवलं, तर तोच करार झाला. मित्रानं फुकट काढून दिलेल्या फोटोंना हा नियम लागू होत नाही, ते हक्क त्याच्याकडेच राहतात. त्याच्याकडून दोन ओळींचं लेखी घेऊन ठेवा. तुमचे फोटो फोटोग्राफरनं स्वतःच्या पेजवर टाकावेत का, आणि टाकायचे तर तुमच्या आधी की नंतर, हेही बोलून घ्या.

५. जागा आणि उजेड

सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्या. महागडा कॅमेरा वाईट उजेडात हरतो, आणि चांगल्या उजेडात साधा मोबाइलही काम भागवतो.

आधीच्या दिवशी, शूटच्याच वेळेला, जागेवर जाऊन उभे राहा. थेट ऊन न येणारी मोठी खिडकी किंवा दार शोधा. उत्तरेकडची खिडकी सर्वांत सोयीची, तिथला उजेड दिवसभर फारसा बदलत नाही. पूर्वेची खिडकी असेल तर दुपारी, पश्चिमेची असेल तर सकाळी काम करा. ऊन येतच असेल तर चौकटीला पांढरं सुती धोतर किंवा पातळ मलमल ताणून बांधा, एकच थर. रंगीत पडदा अजिबात नको, त्याचा रंग गालावर उतरतो.

बसायची मांडणी अशी: खिडकीपासून एक ते दीड मीटर, तोंड खिडकीकडे साधारण ४५ अंशांत, आणि मागची भिंत तुमच्यापासून किमान दोन मीटर लांब. भिंतीला टेकून उभं राहिलं की मागे सावली पडते आणि फोटो ओळखपत्रासारखा दिसतो. खिडकीच्या विरुद्ध बाजूला, चेहऱ्यापासून दोन-तीन फुटांवर, दोन बाय तीन फुटांचा पांढरा फोम बोर्ड उभा करा. डोळ्याखालची काळी सावली त्यानं हलकी होते. बोर्ड लावून एक आणि काढून एक असे दोन फोटो घेऊन बघा, फरक कोणालाही दिसेल.

आता खोलीतले दिवे बंद करा. सगळे. खिडकीचा उजेड निळसर, बल्बचा पिवळा, जुन्या ट्यूबचा हिरवट. तिन्ही एकत्र आले की अर्धा चेहरा एका रंगाचा आणि अर्धा दुसऱ्या रंगाचा होतो, आणि एडिटिंगमध्ये एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते. दुसरं कारण विजेचं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे बऱ्याच ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं: फोटोत आडवे काळसर पट्टे येतात. शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवला तर पट्टे जातात, पण हलता हात अस्पष्ट होतो. हात स्वच्छ हवा तर १/२५० लागतं. म्हणून दिवे बंद करून खिडकीवर भागवणंच बरं. दिवे लावल्याशिवाय जमतच नसेल तर सगळे एकाच जातीचे लावा.

कॅमेऱ्याची आरंभीची मांडणी: ५० किंवा ८५ मिलिमीटरची लेन्स, लेन्सचं छिद्र (अपर्चर) एफ २.८ ते ४, शटर १/२०० (हात हलत असेल तर १/२५०), आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता ४०० ते ८००. दोन माणसं मागेपुढे असतील तर एफ ५.६, नाहीतर मागचा चेहरा धूसर येतो.

मसाल्याच्या जागी तीन खास अडचणी येतात. पहिली, लाल रंग. मिरचीच्या ढिगात कॅमेऱ्याची लाल रंग टिपायची मर्यादा लवकर संपते आणि सुरकुत्या, देठं, बिया जाऊन नुसता लाल डाग उरतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, दोन-तृतीयांश स्टॉपनं (कॅमेऱ्यावर -०.७) कमी करा. मोबाइलवर मिरचीवर बोट ठेवून सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढा. दुसरी, तोच लाल रंग खालून हनुवटीवर पडतो. ढीग आणि चेहरा यांत हातभर अंतर ठेवा. तिसरी, उडणारी पूड आणि कढईची वाफ डोळ्याला दिसतात पण फोटोत येत नाहीत. उजेड पदार्थाच्या मागून किंवा मागच्या बाजूनं आला आणि पाठीमागे काळसर काही असलं तरच वाफ दिसते. खिडकी मागच्या कोपऱ्यात येईल अशी कढई फिरवा आणि मागे गडद निळी किंवा काळी चादर टांगा. पुरणपोळी, भाकरी, चहा, सगळ्यांना हाच उपाय.

बाहेर काढायचे असतील तर सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्तापूर्वीचा तास धरा. दुपारी बाराचं ऊन डोळ्यांच्या खोबणीत सावल्या पाडतं. पावसाळी ढगाळ दिवस चेहऱ्यासाठी उत्तम, उजेड आपोआप मऊ असतो. फक्त एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट दमट हवेत नेला की काचेवर बाष्प धरतं, तेव्हा पिशवी बंद ठेवून पंधरा-वीस मिनिटं थांबा. शनिवारवाड्यासारख्या पुरातत्त्व विभागाच्या संरक्षित वास्तूंत ट्रायपॉड आणि व्यावसायिक शूटला वेगळी परवानगी लागते, रेल्वे स्थानकांतही लागते. मॉल आणि सोसायटीच्या बागेत व्यवस्थापनाला विचारा. भर शूटमध्ये सुरक्षारक्षकानं थांबवलं तर गेलेला उजेड परत मिळत नाही.

६. कपडे आणि चेहरा

बारीक चौकटी आणि अगदी जवळजवळच्या रेघा टाळा, त्यांच्यावर फोटोत पाण्यासारख्या लाटा उमटतात. एकरंगी किंवा मोठ्या नक्षीचं कापड घ्या. जरीचा मोठा पदर फ्लॅशमध्ये पांढरा पडतो, खिडकीच्या उजेडात मात्र सुंदर दिसतो. पोपटी, भडक गुलाबी, लिंबू पिवळा हे रंग गळ्याजवळ असले की हनुवटीवर त्यांची छटा येते. भिंतीच्याच रंगाचे कपडे घातले तर माणूस भिंतीत विरतो.

नवे कपडे फोटोसाठी विकत घेण्यापेक्षा गिऱ्हाइकाला ज्या वेषात भेटता त्याच वेषातले स्वच्छ, इस्त्री केलेले दोन जोड आणा. साडी असेल तर निऱ्या आणि पदर आतून पिनांनी पक्के करा. काम करताना पदर सरकला की प्रत्येक फोटो अडतो.

केस कापायचे तर आठवडाभर आधी, भुवया दोन-तीन दिवस आधी. फेशियल आदल्या दिवशी नकोच, चेहरा लाल पडू शकतो. फ्लॅश वापरणार असाल तर झिंक किंवा टायटॅनियम असलेलं सनस्क्रीन आणि पांढरी पावडर लावू नका, फोटोत चेहरा पिठासारखा येतो. चष्मा घालत असाल तर फोटोतही घाला, कारण गिऱ्हाईक तुम्हाला चष्म्यासकट ओळखतं. काचेवर उजेड चमकत असेल तर चष्म्याच्या काड्या कानावर किंचित वर उचला, काचा खाली झुकतात आणि चमक जाते. उन्हात काळ्या होणाऱ्या काचांचा चष्मा बाहेरच्या फोटोंना चालत नाही, साध्या काचांचा जुना जोड सोबत ठेवा.

७. सोबत काय घ्यायचं

कागद: फोटोंची यादी दोन प्रतींत, फोटोग्राफरशी झालेलं लेखी बोलणं, जागेची परवानगी, फोटोत येणाऱ्यांची संमती, आणि लोगोची पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी फाइल, ब्रँडच्या रंगांसह.

सामान: इस्त्री, सेफ्टी पिना, कपड्यावरची धूळ उचलणारा चिकट रोल, कंगवा, आरसा, तेल टिपायला टिश्यू, पांढरं धोतर, फोम बोर्ड, गडद चादर, दोन एकसारखे अ‍ॅप्रन, एक्स्टेंशन बोर्ड, पिण्याचं पाणी. खाद्यपदार्थाचा व्यवसाय असेल तर प्रत्येक पदार्थ दुप्पट आणा. पहिलं ताट मांडण्यात आणि उजेड जमवण्यातच कोमेजतं.

८. शूटचा दिवस: क्रम महत्त्वाचा

तीन तास पुरतात. त्याहून लांबलं की चेहऱ्यावर थकवा दिसतो.

चेहऱ्यापासून सुरुवात करू नका. पहिल्या वीस मिनिटांत प्रत्येकाचे खांदे कानाला भिडलेले असतात. आधी हातांचे फोटो, मग कामाचे. हात रोजच्या कामाला लागला की माणूस कॅमेरा विसरतो, आणि त्याच ओघात चेहऱ्याचे फोटो घ्यायचे. मसाल्यात मात्र एक उलटी गोष्ट आहे: डंकावर मिरची पडली की डोळे लाल होतात आणि पाणी वाहतं. म्हणून देठं खुडणं आधी, चेहरा मध्ये, कांडणं अगदी शेवटी.

चेहऱ्याच्या वेळी कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर हवा. खालून घेतला तर हनुवटी जड दिसते. अंग कॅमेऱ्याकडे थोडं तिरकं, हनुवटी किंचित पुढे आणि मग खाली. असं करताना विचित्र वाटतं, पण जबड्याची रेघ स्पष्ट येते. "हसा" म्हटलं की फक्त ओठ हसतात. त्याऐवजी सोबतच्या माणसानं कामाबद्दल खरा प्रश्न विचारावा: यंदा मिरचीचा भाव काय, पहिली ऑर्डर किती किलोची होती. उत्तर देऊन झाल्यावरचा क्षण टिपायचा, बोलतानाचा नव्हे, कारण बोलताना ओठ वेडेवाकडे येतात. हातांचं काय करावं कळत नसेल तर हातात सूप द्या.

दर पंधरा-वीस मिनिटांनी फोटो मोठा करून बघा: डोळे धारदार आलेत का, कपाळावर तेल चमकतंय का, मागे कॅलेंडर, गॅसची नळी किंवा प्लॅस्टिकची पिशवी डोकावतेय का. मागचा कचरा शूटच्या वेळी दहा सेकंदांत हलतो, नंतर एडिटिंगमध्ये त्याला अर्धा तास जातो.

९. मोबाइलवर स्वतः काढणार असाल तर

मागचाच कॅमेरा वापरा. मुख्य लेन्स रुंद असते, जवळून घेतलं की नाक मोठं आणि कान लहान दिसतात. २एक्स किंवा ३एक्स निवडा आणि दीड-दोन मीटर मागे जा. ट्रायपॉड आणि टायमर वापरा. पोर्ट्रेट मोडमध्ये सुटे केस, चष्म्याची काडी, झुमके आणि गजऱ्याच्या कडा अर्धवट पुसल्या जातात, म्हणून प्रत्येक फोटो एकदा मोडशिवायही घ्या. ब्यूटी फिल्टर बंद. सेल्फी काही फोनमध्ये आरशासारखा उलटा साठवला जातो आणि मागची पाटी उलटी वाचली जाते, सेटिंगमध्ये ते बदलता येतं. आणि काच पुसा. मळलेल्या लेन्समुळे फोटोवर दुधाळ पडदा येतो, आणि लोक त्याला कॅमेऱ्याचा दोष समजतात.

एआयकडून कोट-टाय घातलेला चेहरा बनवून घेण्याचा मोह होईल. त्यात दात, कान, भुवयांचा आकार बदलतो आणि मागच्या मराठी पाटीवर कधी कधी अर्थहीन अक्षरं येतात. दुकानात आलेलं गिऱ्हाईक त्या चेहऱ्याला शोधत राहील.

१०. निवड आणि रिटचिंग

तीनशे-चारशे फोटोंतून मिटलेले डोळे आणि धूसर फोटो आधी काढून टाका. उरलेले मोबाइलवर छोटे करून बघा. प्रोफाइल फोटो नखाएवढ्या गोलात दिसतो, तिथे चेहरा ओळखू आला पाहिजे. मग तीन-चार फोटो घरच्यांना नाही, तर तुम्हाला फारसं न ओळखणाऱ्या दोघा-तिघांना दाखवा आणि विचारा, "या बाई काय करत असतील?" उत्तर जवळपास बरोबर आलं तर तो फोटो ठेवा. "छान आहे" एवढंच आलं तर तो घरच्या अल्बमसाठी.

रिटचिंगबद्दल लेखी सांगा: पुटकुळी काढा, तीळ राहू द्या, सुरकुत्या पुसू नका, त्वचेचा रंग उजळू नका. न सांगता गोरं करून देण्याची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. ओळखायची खूण सोपी आहे: चेहरा आणि मनगट यांचा रंग जुळतो का बघा. चेहरा दोन छटा उजळ असेल तर फाइल परत पाठवा. तुमच्या कातडीचा रंग सुधारण्याची गोष्ट नाही, आणि सावळ्या हातावर गोरा चेहरा गिऱ्हाइकालाही खोटा वाटतो.

११. फाइली घेणं आणि लावणं

प्रत्येक फोटो दोन मापांत मागा: छपाईसाठी पूर्ण मोठी जेपीजी, आणि नेटसाठी लांब बाजू २००० पिक्सेल. नेटच्या फाइली एसआरजीबी या पडद्यासाठीच्या नेहमीच्या रंगपद्धतीत असाव्यात. अ‍ॅडोबी आरजीबी या दुसऱ्या रंगपद्धतीतले फोटो अनेक फोनवर फिके दिसतात. छापखान्यात रंग सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शायांत) बदलतात आणि भडक गुलाबी, जांभळा, गडद निळा मंदावतात, म्हणून कार्डाची पूर्ण छपाई करण्याआधी एक प्रत छापून बघा. फाइली ड्राइव्हच्या लिंकवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून घ्या, साधा फोटो म्हणून नको. ताबडतोब दोन ठिकाणी साठवा, एक ऑनलाइन, एक पेनड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कवर. कित्येक फोटोग्राफर काही महिन्यांनी जुन्या फाइली पुसतात.

फोटो सगळीकडे एकाच दिवशी बदला: व्हॉट्सअ‍ॅप, गूगल, इन्स्टाग्राम, लिंक्डइन, इंडियामार्टसारख्या याद्या, ईमेलची सही. एका ठिकाणी दाढी आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, असं असलं की गिऱ्हाइकाला ही दोन वेगळी माणसं वाटतात. कव्हर फोटो बदलताना लिंक्डइनची पट्टी मोबाइल आणि संगणक दोन्हींवर उघडून बघा, कापणी वेगळी होते.

चष्मा, केस किंवा दाढी बदलली, जागा हलली, पाकिटाचं रूप बदललं, तर चेहऱ्याचे निदान तीन फोटो नवे काढा. पाकिटांच्या बाबतीत शूटच्याच दिवशी एक काळजी घ्या: लेबलवरची किंमत आणि परवाना क्रमांक वाचता येतील असे फोटो वेगळे, आणि लेबल पाठमोरं ठेवून किंवा साध्या बरणीत मसाला भरून काढलेले वेगळे. भाव वाढला की पहिले बाद होतात, दुसरे पुढची दोन-तीन वर्षं वापरता येतात.